ओळीतली चप्पल

माझी लेक लहानपणापासून किती समजूतदार, असं नातलगांत कुणी म्हणालं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. लोकांना वाटतं, बाई लाजली. कसली लाजते! माझ्या तोंडाला कुलूप नाही हे आमच्या साऱ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. पण ती समजूतदार कशी झाली, कुणामुळं झाली, ते मला माहीत आहे. सहा वर्षांच्या पोरीला ते व्हायला लागू नये.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी नांदेडच्या कचेरीत कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती आणि जाणाऱ्याला बढती होती. आमच्या घरातली टेबल-खुर्चीशी बसलेली मी पहिली बाई. माझी माय जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली. बढतीला नको म्हणायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पोरगी तेव्हा चार वर्षांची. तिचे वडील किनवटकडं आश्रमशाळेत मास्तर. म्हणजे आमचा संसार तीन एस.टी. स्टँडांवर मांडलेला. पोरीला मी नांदेडलाच ठेवलं, माझ्या थोरल्या बहिणीकडं. अक्काला मूलबाळ नव्हतं आणि पोरीवर तिचा जीव होता. 'दोन महिन्यांत बस्तान बसलं की नेते,' असं मी सांगून गेले. त्या दोन महिन्यांची दोन वर्षं झाली.

त्यात पावसानं दगा दिला. एक साल कसंबसं निघालं, दुसऱ्या साली ढगांनी नुसतं तोंड दाखवलं. मला टंचाईचं टेबल मिळालं. गावाला पाण्याचा टँकर हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, अर्ज आणि तहसीलचा अहवाल असे तीन कागद माझ्यापुढं यायचे. मी ते जुळवून साहेबांकडं सरकवले की सही, मग टँकर. नवी कचेरी, खुर्च्या कमी, जुन्या जिल्ह्यातून आलेल्या फायली पोत्यात भरलेल्या. सकाळी आठला बसले की मान वर करायची सवड नसायची. शनिवारची नांदेडची गाडी हळूहळू चुकायला लागली. खरं सांगायचं तर गाडी चुकत नव्हती, मी चुकवत होते. लातुरात पटकेवाले म्हातारे मला हात जोडून 'बाईसाहेब' म्हणायचे. नांदेडला मी दारात उभी राहिले की पोरगी अक्काच्या पदराआडून बघायची आणि म्हणायची, "मावशी, ती आली."

ती. आई नाही, ती.

एकदा मार्चमध्ये अक्कानं मला समोर बसवलं. "जूनमध्ये पोरीचं पहिलीत नाव घालायचंय," ती म्हणाली. "सुट्टीत महिनाभर ने तुझ्यापाशी. रमली तर लातूरच्या शाळेत घाल. लेक तुझी हाय, मी आडवी येणार न्हाई. न्हाई रमली तर इथं नाव घालते, अन् मग वढावढ करायची न्हाई. ते लेकरू हाय, पिशवी न्हाई, इकडून तिकडं न्यायला." बोलताना ती पोरीच्या झग्याचं बटण लावत होती. एकच बटण तिनं तीनदा लावलं. तिलाही काय द्यावं लागणार होतं ते मला तेव्हा दिसलं, पण मी लगेच हो म्हणाले.

मे महिन्यात पोरगी आली. पहिल्या दिवशी ती माझ्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर आपलं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. गाठ सोडू देईना. मी गोलाईच्या बाजारातून झगा आणला, फुगे आणले, लिमलेटच्या गोळ्या आणल्या. ती "ठेव तिथं" म्हणाली. पाहुण्याच्या घरात माणूस बसतं तशी आठ दिवस बसली. मला रागच आला. मी मनात म्हणाले, पोटची पोर अन् केवढा हा तोरा! आता कळतं, तोरा माझाच होता.

आमच्या गल्लीत एक नळ होता आणि तो मनात आलं तर यायचा. तिथं सगळ्यांनी नंबर लावलेले. जिला थांबायला वेळ नाही ती आपली घागर ओळीत ठेवून जायची. घागर ठेवायची नसली तर फुटकं डबडं, दगड, काहीही. तो दगड म्हणजे ती बाई. त्याला कुणी हलवायचं नाही, असा गल्लीचा कायदा. सगळ्या जिल्ह्याला टँकर धाडणारी मी, आणि माझ्या खोलीत रांजण कोरडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी कामाला गेल्यावर शेजारची काकू पोरीला सांभाळायची आणि आमच्या घागरीपाशी बसवायची. पोरगी तिथं शहाण्यासारखी बसे. पुढची घागर भरली की आपली एक हात पुढं ओढे. संध्याकाळी मला सांगे, "आपला नंबर नववा होता. मी कुणाला घुसू दिलं न्हाई." ही तिनं आपणहून सांगितलेली पहिली गोष्ट.

मग ती हळूहळू सैल झाली. एका संध्याकाळी मी लवकर आले, तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. ती पाठ करून बसली होती, थोड्या वेळानं माझ्या गुडघ्याला टेकली. मी हललेच नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. ती म्हणाली, "आई, माझा दात हालून राहिला." तोंडात बोट घालून तिनं मला हलवून दाखवला, खालचा, पुढचा. "मावशी म्हणती, पहिला दात आईच्या हातानं घरावर फेकायचा असतो. मग नवा सरळ येतो."

"आपण फेकू की," मी म्हणाले. "पडला की मला सांग."

"लगेच सांगू?"

"लगेच."

हे मी बोलले होते, मला पक्कं आठवतं. त्या दिवशी मला वाटलं, जिंकलं! जूनमध्ये नाव लातुरातच घालायचं. शाळा कुठली, दप्तर कुठलं, सगळं ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारीही कचेरी चालू होती. टंचाईत रविवार नसतो. काकू कुठं लग्नाला गेलेली, म्हणून पोरीला बरोबर घेतलं. तिला म्हणाले, दुपारपर्यंत काम, मग आपण दोघी उसाचा रस प्यायला जाऊ.

आता तिथली एक पद्धत सांगायला हवी, कारण ती मीच लावली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. गावोगावचे लोक पहाटेपासून यायचे, दारात रेटारेटी करायचे, भांडायचे. एक दिवस मी चिडून बाहेर आले आणि ओरडले, "एका गावाचं एक पायताण ओळीत ठेवा आणि लिंबाखाली सावलीला बसा. ज्याच्या पायताणाचा नंबर येईल त्यानं आत यायचं." तेव्हापासून व्हरांड्यात वहाणांची ओळ लागायची. एकेक वहाण, एकेक गाव. रेटारेटी बंद झाली. साहेबसुद्धा म्हणाले, बाई, डोकं लावलंत.

त्या रविवारी पंचवीस-तीस गावं होती. पोरीला मी लिंबाखाली बसवलं आणि सांगितलं, "आत यायचं नाही. नंबरानं लोक येतात. थांब." अकराच्या सुमाराला ती दारात आली. "आई," म्हणाली. मी मान वर न करता हात केला, थांब. थोड्या वेळानं परत आली. मी म्हणाले, "कळत नाही का? नंबर आहे लोकांचा!" सगळ्यांदेखत. ती गेली. मी कामात गढून गेले.

दीडच्या सुमाराला निलंग्याकडचा एक म्हातारा आत आला. त्याच्या गावाचे कागद मी हातात घेतले. तो काही बसेना. "बाईसाहेब," तो म्हणाला, "माझ्या आदी एक लंबर हाय."

"कुणाचा? पाठवा त्यांना. लवकर."

"ही बगा." त्यानं वाकून व्हरांड्यातल्या ओळीकडं बोट केलं. मी टेबलावरून वाकून पाहिलं. त्या धुळकट, तळ झिजलेल्या वहाणांच्या सगळ्यात पुढं एक लाल चप्पल होती, माझ्या वितीएवढी. दाराच्या चौकटीला धरून पोरगी उभी होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय उचलून पहिल्यावर ठेवलेला, कारण फरशी तापली होती. मूठ घट्ट मिटलेली. म्हातारा म्हणाला, "सकाळधरनं लंबरात हाय पोरगी. एकेकानं फुडं सरकवत आणली. मी न्हाई तिचा लंबर मोडणार."

बाहेर लोक हसत होते, चांगल्या मनानं हसत होते. त्या पंचवीस-तीस तहानलेल्या गावांनी माझ्या लेकीचा नंबर पाळला होता. आणि मी काय केलं? मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा दुर्गुण. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा. ती घरचीच आहे. तिला थांबता येतं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बसला. मी त्याचे कागद जुळवले. पुन्हा दाराकडं पाहिलं तेव्हा पोरगी चप्पल उचलून ओळीच्या शेवटाकडं चालली होती. शेवटच्या वहाणेमागं तिनं ती नीट ठेवली आणि लिंबाखाली जाऊन बसली. रडली नाही. त्या दिवशी रडली असती तर मी उठले असते, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. कोण जाणे, उठले असते की नाही.

तिचा नंबर आलाच नाही. अडीचला साहेबांनी मीटिंगला बोलावलं आणि मी शिपायाबरोबर तिला लग्नाहून परतलेल्या काकूच्या घरी धाडून दिलं. उसाचा रस राहिला. संध्याकाळी पाहिलं तर ती तोंड भिंतीकडं करून झोपलेली. पुढचे चार दिवस ती मिटल्या तोंडानं जेवली, मिटल्या तोंडानं राहिली. मला वाटलं, रुसलीय, निघेल रुसवा.

पाचव्या दिवशी ठरल्याप्रमाणं अक्का आली. दारातच तिनं पोरीची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाली, "अगं बाई, दात पडला की! कधी गं?" आणि माझ्याकडं वळून, "तू सांगितलं न्हाईस मला?"

पोरीनं आपल्या गाठोड्याच्या कोपऱ्यातून कागदाची पुडी काढली आणि अक्काच्या हातावर ठेवली. आत तांदळाच्या दाण्याएवढा दात. "रविवारी पडला," ती म्हणाली. "झाडाखाली."

पाच दिवस मी माझ्या लेकीच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. निलंग्याच्या म्हाताऱ्याच्या ठरावावर तारीख नव्हती ते मला दिसलं होतं.

अक्का मनाची मोठी. तिनं मला एक शब्द सुनावला नाही. पोरीला जवळ घेऊन तिनं विचारलं, "बोल बाई, हितं राहतीस आईपाशी, का येतीस माझ्यासंगं? कुणी रागवणार न्हाई." मी मोठ्या आशेनं पोरीकडं बघत होते. लाज सोडून सांगते, झग्याकडं, फुग्यांकडंही बघत होते, की ते तरी माझ्या बाजूनं बोलतील.

पोरीनं विचार केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मावशीकडं नंबर लावावा लागत न्हाई."

त्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर त्यांना बसवून थेट कचेरीत गेले आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. लोक म्हणाले, बाईंचं काय काम हो! डोळे पुसत करत होते मेलं ते काम.

नांदेडला तिचं पहिलीत नाव घातलं गेलं. जून अर्धा सरला, पाऊस नाही. एका रविवारी मी गेले. एका दिवसासाठीच, चारच्या गाडीनं परत यायचं होतं. पोरगी मला पाटी दाखवत होती, जेवताना शेजारी बसली. मी तिला म्हणाले, आपण दात फेकू या का? तर म्हणाली, "आत्ता न्हाई. तू जाणार हायस." साडेतीनला मी निघाले आणि दारात पाहते तर माझी एकच चप्पल. दुसरी नाही. शोधाशोध झाली. अक्का म्हणाली, कुत्र्यानं नेली असंल. मी घड्याळ बघत पोरीवर वसकन ओरडले, "तू घेतलीस का? खरं सांग, गाडी चुकेल माझी!" तिनं मान हलवली, नाही. शेवटी अक्काच्या चपला पायात सरकवल्या आणि धावत गाडी गाठली.

अक्काचा पाय माझ्याहून मोठा. गाडीत बसल्यावर त्या चपला सारख्या निसटत होत्या. मी त्यांच्याकडं बघत बसले. मूल ज्याला जीव लावतं त्या पाहुण्याच्या चपला लपवतं, हे कुणाला ठाऊक नसतं? मीही माझ्या मामाच्या वहाणा ज्वारीच्या कणगीत घातल्या होत्या. पण लपवणारं मूल दोन्ही लपवतं. हिनं एकच का? आणि मग मला आठवलं. एका गावाचं एक पायताण. तिनं माझी चप्पल कुठंतरी नंबराला ठेवली होती.

वाटेत लोहा आलं तशी मी उतरले. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट लातूरचं हाय." म्हणाले, "असू द्या." परतीची गाडी तासाभरानं मिळाली. दिवेलागणीला मी अक्काच्या दारात पुन्हा उभी राहिले. पोरगी उंबऱ्यात बसली होती. मला पाहून उठली नाही, नुसती म्हणाली, "आलीस?"

आत पाय धुवायला गेले तेव्हा पाहिलं. तिच्या अंथरुणाच्या वळकटीमागं भिंतीला लागून ओळ होती. एक लाल चप्पल, तिच्यामागं माझी. पहिला नंबर तिनं स्वतःचा ठेवला होता. मी ओळीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला रजेची तार केली. नोकरीत लागल्यापासूनची ती पहिली तार.

चार दिवस मी अनवाणी राहिले. अक्का आपल्या चपला पुढं करायची, मी नको म्हणायची. पोरीला शाळेत सोडायला जाताना डांबराचा रस्ता तापलेला असायचा. ती माझ्या पायांकडं बघायची.

"भाजून राहिलं?"

"नाही."

"खोटं बोलून राहिलीस," ती म्हणायची, आणि मला ओढून कडेच्या मातीवर न्यायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही दात फेकला. अक्काच्या घरावर पत्रे. दात टण् वाजून खाली यायचा, आम्ही दोघी शेणकुराच्या ढिगात हुडकायचो, पुन्हा फेकायचो. चौथ्यांदा तो पन्हाळीत अडकला. पोरगी तोंडातली खिंड दाखवत इतकी हसली की तिला उचकी लागली. मी मनात म्हणाले, बास, आता मी जातच नाही. चुलीत गेली ती बढती.

चौथ्या दिवशी दुपारी कचेरीतून उलटी तार आली. टँकर अडलेत, ताबडतोब हजर व्हा. मी ती अक्काला वाचून दाखवली. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग जाशील?" मी म्हणाले, "काय करू अक्का? तिकडं माणसं दोन-दोन कोस घागरी घेऊन चाललीत. माझ्यावाचून कागद हलत नाही." खरंच हलत नव्हता का? माझ्याजागी दुसरं कुणी बसलं असतं तर दोन दिवसांत शिकलं असतं. पण मी बोलले तसंच, जरा अभिमानानंच. पोरगी ओट्यावर पाटीवर अक्षर गिरवत होती. ती ऐकत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सकाळी उठून दार उघडलं. उंबऱ्याबाहेर माझ्या दोन्ही चपला होत्या, फडक्यानं पुसलेल्या, शेजारी शेजारी, तोंडं रस्त्याकडं केलेली. पायरीवर पोरगी बसली होती, शाळेचा झगा घालून, केस विस्कटलेले. तिचं तिनंच सगळं केलं होतं.

"जा," ती म्हणाली. "लोकांचा नंबर हाय."

मी तिला पोटाशी धरलं. नाही जात, असं म्हणायला तोंड उघडलं. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती, थांबायची सवय झालेल्या माणसासारखी.

आणि मी चपला घातल्या, आणि गेले.